जुन्या डेस्कटॉपची रॅम आणि प्रोसेसर बदलताना: एच६१ बोर्डाचे उदाहरण

२०११ ते २०१४ या काळात दुकानातून असेंबल करून घेतलेल्या डेस्कटॉपपैकी पुष्कळांत इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य चिपचा) मदरबोर्ड आहे. सोबत पेंटियम जी६२० किंवा कोअर आय३-२१०० प्रोसेसर, २ किंवा ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क, अशी त्या काळची ठरलेली जोडणी असे. यांतले कितीतरी संगणक अजून धडधाकट आहेत. हिशेबाचे सॉफ्टवेअर, पत्रव्यवहार, ऑनलाइन अर्ज ही कामे त्यांवर रोज होतात. मात्र ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की यंत्र गोगलगायीच्या चालीने चालू लागते. असा संगणक टाकून न देता त्याची रॅम आणि प्रोसेसर घरच्या घरी कसा बदलावा, हे या लेखात एच६१ बोर्ड समोर ठेवून सांगितले आहे. आपला बोर्ड वेगळा असेल तर सॉकेटचे (प्रोसेसर बसतो त्या खोबणीचे) आणि मॉडेलचे आकडे बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही.

क्रम असा: आधी निदान, मग रॅम, मग बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर. प्रत्येक टप्प्यानंतर संगणक सुरू करून, थोडा वेळ वापरून, मगच पुढे जावे. सगळे सुटे भाग एकाच बैठकीत बदलले आणि पडदा काळाच राहिला, तर दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात उरलेला दिवस जातो.

संगणक कशामुळे अडतो आहे?

विंडोज १० असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातले परफॉर्मन्स हे पान समोर ठेवावे आणि आपले नेहमीचे काम सुरू करावे. रिकाम्या संगणकावरचे आकडे पाहून काही कळत नाही. जी कामे करताना संगणक रखडतो तीच कामे तेव्हा चालू असली पाहिजेत. मेमरीचा वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि त्याच वेळी डिस्कही १०० टक्क्यांना टेकत असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅममध्ये न मावणारा मजकूर विंडोज हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. हार्ड डिस्क रॅमच्या तुलनेत कित्येक पटींनी मंद असल्यामुळे या ने-आणीत सगळे काम खोळंबते.

मेमरी निम्मीच वापरली जात असूनही डिस्क १०० टक्के दाखवत असेल, तर मूळ अडचण हार्ड डिस्कचीच आहे. तेव्हा रॅम वाढवून फारसा फरक पडणार नाही. आधी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. एच६१ चिपसेटला साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, सेकंदाला ३ गिगाबिटचाच वेग मिळतो, त्यामुळे सेकंदाला ५०० एमबी वाचू शकणारी एसएसडी इथे साधारण २५०-२८० एमबीवर अडते. तरीही ती घ्यावीच, कारण रोजच्या कामात खरा फायदा विखुरलेल्या लहान फाइली वाचताना होतो आणि तिथे हार्ड डिस्क तिच्या जवळपासही पोहोचत नाही. खर्चासाठी हातात थोडेच पैसे असतील तर माझ्या मते पहिला मान एसएसडीचा, दुसरा रॅमचा आणि तिसरा प्रोसेसरचा.

प्रोसेसरचा आलेख १०० टक्क्यांना चिकटून राहतो तो बहुधा व्हिडिओ कॉलमध्ये, मोठ्या एक्सेल फाइलमध्ये किंवा यूट्यूबवर. यूट्यूब आपले बरेच व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीने पाठवते. २०११-१२ च्या इंटेल प्रोसेसरांतल्या ग्राफिक्समध्ये ती पद्धत उलगडण्याची सोय नाही, म्हणून ते सगळे ओझे प्रोसेसरच्या गाभ्यांवर (कोअरवर) पडते आणि दोन गाभ्यांचा प्रोसेसर त्यातच गुंतून राहतो. अशा वेळी चार गाभ्यांचा प्रोसेसर घेतल्याचा फरक लगेच जाणवतो.

खरेदीला निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. दहा वर्षे न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला असतो आणि त्या दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांपैकी एखाद्या मोफत प्रोग्रॅमने तापमान पाहावे. साध्या कामात ते ८५-९० अंशांपर्यंत चढत असेल तर आधी सफाई करून नवी पेस्ट लावावी आणि पुन्हा मोजावे. काही वेळा एवढ्यावरच काम भागते.

बोर्डाची ओळख पटवणे

काय बसेल आणि काय नाही, हे बोर्ड ठरवतो. सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम उघडून त्यातल्या मेनबोर्डच्या पानावरून बोर्डाचा उत्पादक, मॉडेल, आवृत्ती तसेच बायोसचा क्रमांक आणि तारीख कागदावर उतरवून घ्यावी. मेमरी आणि एसपीडी या पानांवर सध्याच्या रॅमचा प्रकार, वेग आणि कोणत्या स्लॉटमध्ये किती जीबीची पट्टी आहे हे दिसते. संगणक सुरूच होत नसेल तर कॅबिनेट उघडावे; मॉडेलचे नाव बोर्डावरच, बहुधा विस्तार स्लॉटांच्या मधल्या जागेत, ठळक छापलेले असते. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी. प्रत्येक प्रोसेसरपुढे तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो हेही त्या यादीत दिलेले असते आणि पुढच्या सगळ्या कामात तो रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

एच६१ बोर्डावर एलजीए ११५५ सॉकेट असते. त्यात इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात, म्हणजे २०११ चे सँडी ब्रिज आणि २०१२ चे आयव्ही ब्रिज. पहिल्या पिढीतले आय३-५४० सारखे प्रोसेसर एलजीए ११५६ चे, चौथ्या पिढीचे एलजीए ११५० चे आणि सहाव्या-सातव्या पिढीचे एलजीए ११५१ चे. यांतला एकही इथे चालत नाही. पिढी ओळखणे सोपे आहे. आय५-३४७० मधल्या चार आकडी क्रमांकाचा पहिला आकडा ३ आहे, म्हणून तो तिसऱ्या पिढीचा. दुकानदार नुसते ‘आय५ आहे, बसेल’ असे म्हणाला तर त्यावर विसंबू नये, पूर्ण क्रमांक विचारावा.

मोठ्या कंपन्यांचे तयार डेस्कटॉप असतील तर अधिक सावध राहावे. त्यांचे बोर्ड, एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) जोडणी आणि हीटसिंकचे स्क्रू बऱ्याचदा नेहमीच्या मापांचे नसतात आणि बायोसमध्ये ठरावीक प्रोसेसरांचीच ओळख असते. त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळते. ती वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नये.

रॅम: काय घ्यावे, काय टाळावे

एच६१ बोर्डावर रॅमचे सामान्यतः दोनच स्लॉट असतात आणि प्रत्येकात जास्तीत जास्त ८ जीबी, अशी एकूण मर्यादा १६ जीबीची आहे. लागणारी पट्टी २४० पिनांची डेस्कटॉप डीडीआर३ असते. डीडीआर४ पट्टीला २८८ पिना असतात आणि तिची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसतच नाही. लॅपटॉपची डीडीआर३ पट्टी लांबीला निम्मी असते, तीही निरुपयोगी. १.५ व्होल्टच्या नेहमीच्या डीडीआर३ऐवजी १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मिळाली तरी बहुधा अडचण येत नाही, कारण अशा पट्ट्या १.५ व्होल्टवरही चालतात.

दोन प्रकारच्या पट्ट्यांपासून मात्र लांब राहावे. पहिला प्रकार सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड रॅमचा. ती वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्त मिळते आणि स्लॉटमध्ये नीट बसतेही, पण या बोर्डावर संगणक सुरू होत नाही. दुसरा प्रकार ऑनलाइन विक्रीत ‘फक्त एएमडीसाठी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेल्या ८ जीबीच्या पट्ट्यांचा. त्यांवरच्या चिपांची रचना इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला ओळखता येत नाही. किंमत इतरांपेक्षा लक्षणीय कमी दिसली की वर्णन शेवटपर्यंत वाचावे.

वेगाच्या आकड्याचा फार विचार करू नये. दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर रॅम १३३३ च्या वेगानेच चालवतात, तिसऱ्या पिढीचे १६०० पर्यंत जातात. पुढे तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा असेल तर १६०० ची रॅम घ्यावी. सध्या ती १३३३ वर चालेल, एवढेच. त्यापेक्षा दोन पट्ट्या लावण्याकडे अधिक लक्ष द्यावे. दोन स्लॉट दोन वेगळ्या चॅनेलांवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटांवर) असल्यामुळे ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या चांगल्या. ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक आणखी जाणवतो, कारण पडद्यावरच्या चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते. आधीच्या ४ जीबीच्या पट्टीसोबत नवी ८ जीबीची लावली तरी चालते. त्यातला ८ जीबीचा भाग जोडीने आणि उरलेला ४ जीबीचा एकेरी चालतो.

किती घ्यावी? कार्यालयीन काम, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल यांना ८ जीबी पुरते. छायाचित्रांचे संपादन किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांनी १६ जीबी करून टाकावी, कारण या बोर्डावर त्यापुढे वाढवण्याची सोयच नाही. विंडोज मात्र ६४-बिट असले पाहिजे. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरत नाही आणि त्यातलीही सव्वातीन-साडेतीन जीबीच कामी येते. अजून विंडोज ७ होम बेसिक वापरात असेल तर त्याची ६४-बिट आवृत्तीही ८ जीबीवर थांबते. सेटिंग्जमधल्या सिस्टीम आणि अबाउट या पानावर ३२-बिट असे दिसले तर रॅम घेण्यापूर्वी ६४-बिट विंडोज नव्याने टाकण्याची तयारी ठेवावी आणि त्याआधी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

रॅम बसवणे

संगणक बंद करून एसएमपीएसची वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढावी आणि कॅबिनेटचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला भार उतरतो. कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवावे. टेरिकॉटचे किंवा लोकरी कपडे घालून हे काम करू नये, आणि बोर्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ही काळजी विशेष लागते. पावसाळ्यात अंगावर स्थिर वीज कमी साठते, पण तेव्हा हात घामेजलेले नसावेत.

स्लॉटच्या टोकांवरच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की जुनी पट्टी वर येते. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर दिसत असेल तर स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने तो हलक्या हाताने पुसावा आणि खोडरबराचा चुरा स्लॉटपासून लांब झटकावा. दुरुस्ती करणारे सगळे हीच युक्ती वापरतात आणि ‘रॅम हलली आहे’ या सबबीखाली येणारी निम्मी प्रकरणे एवढ्यावर मिटतात. नवी पट्टी कडेने धरून तिची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यासमोर आणावी, सरळ उभी ठेवावी आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी एकसारखा दाब द्यावा. खिट्टी ‘टक’ असा आवाज करून आपोआप बंद झाली पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला खिट्टी असते, तिथे दुसरे टोक पुरते खाली गेले आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. दाब देताना बोर्ड खालून वाकतो असे वाटले तर थांबून खाच पुन्हा तपासावी.

संगणक सुरू करून बायोसमध्ये पूर्ण रॅम दिसते का ते पाहावे. मग मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करावा आणि तपासणीची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. वापरलेली रॅम घेतली असेल तर तो रात्रभर चालू ठेवावा. एक जरी चूक लाल रंगात दिसली तरी ती पट्टी परत करावी. सदोष रॅममुळे विंडोज कधीतरी निळ्या पडद्यावर जाते, फाइली खराब होतात आणि माणूस कारण भलतीकडेच शोधत बसतो.

या टप्प्यावर आठवडाभर थांबावे. अनेकांना एसएसडी आणि ८ जीबी रॅमनंतर प्रोसेसर बदलण्याची गरजच उरत नाही.

प्रोसेसरची निवड

आय३-२१०० मध्ये दोन गाभे आणि चार थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, वेग ३.१ गिगाहर्ट्झ, उष्णतेचा आकडा ६५ वॉट. त्याच्या जागी बसवण्यासाठी माझी पसंती आय५-३४७० ला आहे: चार गाभे, मूळ वेग ३.२ आणि टर्बोमध्ये (ताण आल्यावर आपोआप वाढणारा वेग) ३.६ गिगाहर्ट्झ, ७७ वॉट. आय७-३७७० मध्ये चार गाभ्यांवर आठ थ्रेड आणि टर्बोमध्ये ३.९ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग मिळतो, उष्णता तेवढीच. पण वापरलेल्या बाजारातही त्याची किंमत बरीच जास्त असते. व्हिडिओ रूपांतर किंवा त्रिमितीय रेखाटन यांसारखे काम नियमित नसेल तर हा जास्तीचा खर्च वसूल होत नाही. दुसऱ्या पिढीचे आय५-२४०० आणि आय७-२६०० हेही चांगले आहेत, मात्र ते ९५ वॉटचे आहेत. बायोस अद्ययावत करणे शक्यच नसेल तेव्हा त्यांचा विचार करावा.

क्रमांकाच्या शेवटचे अक्षर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘के’ असलेल्या प्रोसेसरचा वेग वाढवण्याची सोय एच६१ बोर्डावर वापरता येत नाही, त्यामुळे ते पैसे वाया जातात. आय५-३३५०पी सारख्या ‘पी’ असलेल्या प्रोसेसरांत अंगचे ग्राफिक्स नाही. झिऑन ई३-१२३० व्ही२ स्वस्त आणि वेगवान असला तरी त्यातही ग्राफिक्स नाही आणि प्रत्येक एच६१ बोर्डाच्या यादीत तो सापडतही नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसताना यांतले काही बसवले तर पडद्यावर काहीच येणार नाही.

हे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास, किंवा ऑनलाइन. प्रोसेसर वापरलेला असण्यात फारसा धोका नाही, कारण इतर भागांच्या मानाने तो क्वचितच बिघडतो. हातात घेऊन मात्र पाहावा. वरच्या धातूच्या झाकणावर कोरलेला मॉडेल क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे. आय५-३४७० वर त्याखाली एसआर०टी८ आणि आय७-३७७० वर एसआर०पीके असा संकेत असतो. मॉडेल क्रमांकाऐवजी इंटेल कॉन्फिडेन्शियल असे कोरलेले असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, तो घेऊ नये. खालच्या सोनेरी ठिपक्यांवर जळल्याचे काळे डाग किंवा खोल ओरखडे नसावेत, आणि कडेची हिरवी पट्टी कुठे चेपलेली किंवा टवका उडालेली नसावी. दुकानात चालू बोर्डावर लावून सीपीयू-झेडमध्ये दाखवायला सांगावे. चांगला दुकानदार यासाठी कुरकुर करत नाही.

विजेच्या बाबतीत काळजीचे फारसे कारण नाही. ६५ वरून ७७ वॉटवर जाताना वाढ १२ वॉटचीच आहे, आणि चालू स्थितीतल्या एसएमपीएसला ती झेपते. मात्र बोर्डावर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा त्यांतून तपकिरी द्रव आलेला दिसला, तर या बोर्डावर पुढे खर्च करू नये.

बायोस: सर्वांत जोखमीचा टप्पा

एच६१ बोर्ड दुसऱ्या पिढीसोबत बाजारात आले, म्हणून २०११ च्या बायोसला तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर ओळखता येत नाहीत. नवे बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच टाकावे लागते. आधी प्रोसेसर बदलला तर संगणक सुरूच होत नाही आणि मग बायोस टाकण्यासाठी जुना पुन्हा लावावा लागतो.

फाइल उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच आणि अगदी त्याच मॉडेलची, त्याच आवृत्तीची घ्यावी. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने बोर्ड वेगळा असू शकतो. काही बोर्डांवर बायोससोबत मॅनेजमेंट इंजिनचे (इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचे) फर्मवेअरही बदलावे लागते आणि त्याचा क्रम ठरलेला असतो, म्हणून सूचना पूर्ण वाचाव्यात. इंटेलने स्वतःच्या जुन्या बोर्डांच्या बायोस फाइली २०१९ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकल्या. असा बोर्ड असेल तर इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी जपलेल्या प्रती शोधाव्या लागतात आणि फाइलचे नाव बारकाईने ताडून पाहावे लागते. अलीकडे बदली म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बिननावाच्या एच६१ बोर्डांसाठी बायोसच्या नव्या फाइली निघतच नाहीत. तिथे तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आधी चालवून पाहूनच घ्यावा.

बायोसमध्येच अद्ययावत करण्याची सोय असेल तर पेन ड्राइव्हवरून तीच वापरावी, विंडोजमधून करू नये. हे काम यूपीएस किंवा इन्व्हर्टर जोडलेला असतानाच करावे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो आणि मग बायोसची चिप प्रोग्रॅमरवर लावून पुन्हा लिहिणारा कारागीर गाठावा लागतो. काम संपल्यावर संगणक एकदा सुरू करून नवा क्रमांक दिसतो का ते पाहावे. बायोसमधली साटाची पद्धत एएचसीआय आहे की आयडीई, याची नोंद मात्र हे सगळे सुरू करण्यापूर्वीच करून ठेवावी. बायोस मूळ स्थितीत गेले की ही निवड बदलू शकते आणि मग विंडोज सुरू होताच निळा पडदा येतो. तेव्हा विंडोज पुन्हा टाकायला धावू नये. जुनी निवड परत केली की संगणक पूर्ववत सुरू होतो.

प्रोसेसर बदलणे

हातातले साहित्य: चपटा आणि फुली, असे दोन स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉफी गाळायचा कागद किंवा धागे न सुटणारे कापड, आणि थर्मल पेस्टची छोटी सिरिंज. सुरुवातीला संगणक दहा मिनिटे चालवून मग बंद करावा. वाळलेली पेस्ट ऊबेने थोडी सैल होते आणि हीटसिंक सहज सुटतो.

वीज तोडून पंख्याची वायर बोर्डापासून सोडवावी. इंटेलच्या मूळ पंख्याला चार कोपऱ्यांत चार खुंट्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या बाणाच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, पाव फेरा फिरवून ती वर ओढावी. चारही सुटल्यावर हीटसिंक डावी-उजवीकडे किंचित फिरवत सोडवावा, सरळ वर उपटू नये. खाली उरलेली पेस्ट अल्कोहोलने पुसून घ्यावी.

सॉकेटची तार खाली दाबून बाजूला सरकवली की सुटते आणि तिच्यासोबत धातूची चौकट उघडते. जुना प्रोसेसर कडांना धरून सरळ वर उचलावा. आता उघड्या पडलेल्या सॉकेटमध्ये ११५५ स्प्रिंगसारख्या बारीक पिना दिसतात. यांना बोट, कापड, ब्रश काहीही लागू देऊ नये आणि वरून स्क्रू पडू देऊ नये; एक पिन वाकली तरी एखादा रॅम स्लॉट मुका होऊ शकतो. म्हणूनच आत साचलेली धूळ सॉकेट झाकलेले असतानाच झटकून घ्यावी.

नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आणि दोन कडांवर अर्धगोल खाचा असतात. त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी आणि खाचा सॉकेटमधल्या उंचवट्यांशी जुळवून प्रोसेसर हळूच टेकवावा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नसतो. मग चौकट खाली आणून तिचे टोक स्क्रूच्या डोक्याखाली सरकले आहे हे पाहावे आणि तार खाली दाबून अडकवावी. तार बंद करताना बराच जोर लागतो आणि कुरकुर ऐकू येते. प्रोसेसर खाचांत नीट बसलेला असेल तर त्याने घाबरू नये.

झाकणाच्या मध्यभागी वाटाण्यापेक्षा थोडा लहान पेस्टचा थेंब ठेवावा. तो बोटाने पसरवण्याची गरज नाही, हीटसिंकच्या दाबाने तो पसरतो. हीटसिंकच्या चारही खुंट्या आधी घड्याळाच्या दिशेने मूळ जागी फिरवून घ्याव्यात, चारी टोके बोर्डाच्या भोकांत आली आहेत हे पाहावे आणि मग समोरासमोरचे कोपरे एकामागून एक, ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबावेत. नवख्या माणसाची गफलत बहुतेक इथेच होते. तीन खुंट्या बसतात, चौथी अर्धवट राहते, आणि संगणक सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडतो. शक्य असेल तर बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहून चारही टोके फाकलेली आहेत याची खात्री करावी. पंख्याची वायर जोडायला विसरू नये. हीटसिंकबाबत एक सूचना: आय३ सोबत आलेला बुटका, नुसत्या ॲल्युमिनियमचा हीटसिंक ७७ वॉटच्या प्रोसेसरवर चालतो, पण विदर्भ-खानदेशातल्या मे महिन्यात त्याची दमछाक होते. मधोमध तांब्याचा गोल गाभा असलेला उंच हीटसिंक मिळाला तर घ्यावा. एलजीए ११५६, ११५५, ११५० आणि ११५१ यांच्या भोकांमधले अंतर सारखेच असल्यामुळे यांपैकी कोणत्याही सॉकेटचा पंखा इथे बसतो.

पहिल्यांदा सुरू करताना

पहिल्या वेळी प्रोसेसर बदलल्याचा संदेश येऊन एफ१ दाबायला सांगितले जाऊ शकते. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचे नाव आणि रॅम तपासावी, नोंद जतन करून बाहेर पडावे. विंडोजचा परवाना रॅम किंवा प्रोसेसर बदलल्याने सहसा जात नाही. तो प्रश्न मदरबोर्ड बदलल्यावर येतो.

पडदा काळा राहिला तर आधी प्रोसेसरजवळची चार पिनांची वीजजोडणी पाहावी. हाताच्या धक्क्याने ती निघालेली असते. मग एकच रॅम पट्टी ठेवून दोन्ही स्लॉट आलटून पालटून वापरून पाहावेत. त्यानेही न भागल्यास वीज तोडून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे बाहेर काढावा. इतक्या वर्षांनंतर तो सेल नवाच टाकणे बरे. सेल काढल्यावर तारीख मागे जाते आणि बँकेची संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. तारीख दुरुस्त केली की ती तक्रार मिटते. संगणक सुरू झाला पण ८ पैकी ४ जीबीच रॅम दिसते, असे झाले तर दोष बहुधा रॅमचा नसतो. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असल्यामुळे वाकलेली पिन किंवा हीटसिंकचा एका बाजूला पडलेला दाब यांमुळेही एक चॅनेल दिसेनासा होतो. खुंट्या सोडवून पुन्हा नीट बसवल्यावर तो अनेकदा परत येतो.

शेवटी अर्धा तास प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन तापमान पाहावे. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांत झाकणाखाली धातूच्या डाखाऐवजी पेस्ट वापरलेली असल्यामुळे ते मुळातच थोडे अधिक तापतात. तरी आकडा ८० अंशांच्या आत राहिला पाहिजे. त्याहून वर गेला तर पेस्ट आणि खुंट्या पुन्हा पाहाव्यात, आणि कॅबिनेटच्या मागे हवा बाहेर टाकणारा पंखा नसेल तर तो लावावा.

राहता राहिला ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) या अटी आहेत, त्यामुळे प्रोसेसर बदलूनही हा संगणक त्यांत बसत नाही. अटी टाळून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण पुढची अद्यतने मिळतील याची हमी नसल्यामुळे हिशेबाच्या किंवा बँकेच्या कामाच्या संगणकावर तो मार्ग मी सुचवणार नाही. ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि व्हिडिओ एवढ्यावर काम भागत असेल तर लिनक्स मिंट या यंत्रावर उत्तम चालते. मराठी टंकलेखनासाठी त्यात इनस्क्रिप्ट कळफलक आहे, आणि डिस्कवर न टाकता पेन ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर, स्कॅनर ओळखले जातात का हे आधी पाहता येते. विंडोजवरच चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर सोडता येत नसेल, तर तो संगणक इंटरनेटपासून शक्य तितका दूर ठेवून त्याच कामापुरता वापरावा आणि त्यातल्या नोंदींची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्यावी.